वाऱ्याचाही ताळेबंद हवा

नैर्ऋत्येकडून येणारा मोसमी वारा जूनमध्ये कोकणच्या किनाऱ्याला लागतो, तेव्हा त्याच्यापाशी दोन प्रकारचे धन असते. एक पाण्याचे आणि दुसरे वेगाचे. पाण्याचे धन तो सह्याद्रीच्या माथ्यापर्यंत बहुतेक उधळून टाकतो. अकोले तालुक्यातील घाटघर आणि रतनवाडी यांच्या पदरात त्यातील मोठा वाटा पडतो, म्हणून त्या परिसराला जिल्ह्याची चेरापुंजी म्हटले जाते. तेथून दूर पूर्वेला पारनेर, नगर, पाथर्डी, कर्जत, जामखेड या तालुक्यांच्या वाट्याला उरलेसुरले शिंतोडे येतात. वेगाचे धन मात्र वारा घाटमाथ्यावर टाकून येत नाही. आषाढात पारनेरच्या पठारावर उभे राहिले की अंगावरचे धोतर सावरता येत नाही, पण जमीन भिजत नाही, हा अनुभव त्या भागातील पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे. पाऊस न देणारा वारा म्हणून ज्याला लोक दूषणे देत आले, त्याच वाऱ्याला गेल्या पाव शतकात किंमत आली आहे.

पुणे-नगर रस्त्यावरील सुप्याजवळचा कावड्या डोंगर आणि नगर तालुक्यातील खांडके ही त्या बदलाची ठळक ठिकाणे होत. खांडके येथे टाटा पॉवरच्या प्रकल्पात प्रत्येकी ८०० किलोवॉटची ६३ यंत्रे उभी राहिली. त्यांची एकूण स्थापित क्षमता ५०.४ मेगावॉट. जिल्ह्याचे नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झाले, त्याच्या कितीतरी आधीपासून ही पांढरी चाके येथील क्षितिजाचा भाग झालेली आहेत. शाळेच्या सहली तेथे जातात, भूगोलाच्या तासाला त्यांचा उल्लेख होतो, आणि ‘पन्नास मेगावॉट’ हा आकडा विद्यार्थी पाठही करतात.

परंतु हा पाठ केलेला आकडा नेमके काय सांगतो? तो एवढेच सांगतो की यंत्राला हवा तसा वारा मिळाला, तर ते जास्तीत जास्त किती वीज देऊ शकेल. वारा तसा मिळाला काय, किती तास मिळाला, आणि मिळाला तेव्हा यंत्र सुस्थितीत होते काय, यांविषयी तो मौन पाळतो. खांडक्याची सर्व यंत्रे वर्षाचे ८,७६० तास पूर्ण क्षमतेने फिरली असती तर सुमारे ४४ कोटी युनिट वीज निर्माण झाली असती. असे कोठेही होत नाही आणि होणारही नाही. क्षमतेच्या २० टक्के वापर झाला तर पावणेनऊ कोटींच्या आसपास युनिट मिळतील, २५ टक्के झाला तर अकरा कोटी. या दोन आकड्यांतील सव्वादोन कोटी युनिटांचे अंतर म्हणजे कित्येक गावांचा वर्षाचा घरगुती वापर होय. तरीही ‘पन्नास मेगावॉट’ हे शब्द दोन्ही बाबतींत तेच राहतात. एखाद्या शिक्षकाची योग्यता त्याच्या वर्गातील बाकांच्या संख्येवरून ठरवावी, त्यातलाच हा प्रकार आहे.

येथे थोडे पदार्थविज्ञान आवश्यक आहे. वाऱ्यातील शक्ती त्याच्या वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट झाला तर शक्ती आठपट होते, आणि वेग केवळ एक दशांशाने घटला तरी शक्ती चतुर्थांशाहून अधिक घटते. म्हणूनच डोंगराच्या कोणत्या सोंडेवर यंत्र बसवले, मनोरा किती उंच केला, पुढच्या यंत्राच्या सावलीत मागचे यंत्र आले काय, या वरकरणी किरकोळ वाटणाऱ्या गोष्टींवर सारा हिशेब अवलंबून असतो. शिवाय जर्मन शास्त्रज्ञ आल्बेर्ट बेट्झ याने शतकापूर्वीच दाखवून दिले की, उघड्या झोतात फिरणारे कोणतेही चाक वाऱ्यातील शक्तीपैकी ५९.३ टक्क्यांपेक्षा अधिक काढून घेऊ शकत नाही. सर्व शक्ती काढून घ्यायची तर वारा चाकापाशीच थांबावा लागेल, आणि वारा थांबला की मागून येणाऱ्या वाऱ्याला वाट कोठून मिळणार? निसर्गाने घातलेली ही मर्यादा कोणत्याही निविदेने ओलांडता येत नाही.

स्थापित क्षमता आणि प्रत्यक्ष कामगिरी यांतील दरी समजून घ्यायची, तर आपल्या देशातच घडलेला एक प्रयोग डोळ्यांसमोर ठेवावा. तो नगर जिल्ह्यापासून फार दूर, केरळच्या किनाऱ्यावर घडला. पण त्याचे मूळ त्याच मोसमी वाऱ्यात आहे. समुद्रावर वाहताना वारा आपल्या शक्तीचा काही अंश पाण्याला देतो, त्याच्या लाटा होतात. लाटांपासून पुन्हा वारा निर्माण करून त्यावर चाक फिरवण्याची कल्पना विझिंजम येथे प्रत्यक्षात आणली गेली.

ही कल्पना लोहाराच्या भात्यासारखी आहे. समुद्राच्या तळावर काँक्रीटची एक प्रचंड पोकळ पेटी बसवायची. तिचे एक तोंड पाण्याखाली उघडे ठेवायचे. बाहेर लाट चढली की पेटीतील पाणी वर येते आणि वरची हवा एका अरुंद नळीतून बाहेर रेटली जाते. लाट उतरली की पाणी खाली जाते आणि त्याच नळीतून हवा आत ओढली जाते. नळीत चाक बसवले की ते फिरू लागते. भाता समुद्र हलवतो, लोहाराला हात लावावा लागत नाही. शास्त्रीय परिभाषेत याला दोलायमान जलस्तंभ म्हणतात. जपानमधील योशिओ मासुदा यांनी १९६० च्या दशकात या तत्त्वावर समुद्रातील दिशादर्शक दिवे पेटवून दाखवले होते. दिव्याला लागणारी वीज थोडी, त्यामुळे तेथे ते यशस्वीही झाले.

अडचण आहे ती हवेच्या स्वभावात. डोंगरावरचा वारा बेभरवशाचा असला तरी घटकाभर एका दिशेने वाहतो. पेटीतील हवा मात्र दर चार-पाच सेकंदांनी दिशा बदलते. नेहमीची पवनचक्की येथे ठेवली तर ती एकदा सुलटी, एकदा उलटी फिरण्याचा प्रयत्न करील आणि शेवटी जागेवरच धडपडत राहील. झडपा बसवून हवा एकाच दिशेने वळवता येते, परंतु खाऱ्या हवेत दिवसाला हजारो वेळा उघडझाप करणारी मोठी झडप फार काळ टिकत नाही. यावर बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठातील अॅलन वेल्स यांनी १९७० च्या दशकात जो तोडगा काढला, तो त्याच्या साधेपणामुळे थक्क करणारा आहे. त्यांनी चाकाची पाती दोन्ही अंगांनी सारखी, मध्यरेषेभोवती समतोल अशी घेतली आणि ती चाकाच्या फिरण्याच्या पातळीतच बसवली. हवा खालून येवो की वरून, पात्यावर पडणाऱ्या उचलीचा काही अंश सदैव एकाच दिशेने ढकलतो. हवा मागे-पुढे करत राहते, चाक मात्र एकाच दिशेने फिरत राहते. झडप नाही, पाते वळवण्याची यंत्रणा नाही. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याने एकदा तरी कागदावर ही आकृती काढून पाहावी.

या साधेपणाची किंमत मोजावी लागते, आणि कामगिरीचा प्रश्न नेमका तेथे उपस्थित होतो. वेल्सचे चाक स्वतःच्या बळावर सहजासहजी सुरू होत नाही, आधी त्याला वेग द्यावा लागतो. हवेचा झोत ठरावीक मर्यादेत असताना त्याची कार्यक्षमता साठ टक्क्यांच्या वर जाऊ शकते. पण लाट मोठी आली आणि झोत वाढला की हवा पात्याच्या पाठीवरून सुटते, उचल कोसळते आणि जेथे अधिक वीज मिळायला हवी तेथेच ती घटते. लाट लहान असेल तर झोत इतका मंद असतो की चाकाचे स्वतःचे घर्षणही भरून निघत नाही. समुद्रात तर मोठ्या आणि लहान लाटा एकापाठोपाठ येतात, आणि लाटेची उंची निम्मी झाली तर तिची शक्ती एक चतुर्थांशावर येते. प्रयोगशाळेत एकसारख्या झोतात मोजलेली कार्यक्षमता आणि खुल्या समुद्रातील वर्षभराची सरासरी यांत म्हणूनच जमीन-अस्मानाचे अंतर पडते.

मद्रासच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेने केंद्राच्या महासागर विकास विभागाच्या साहाय्याने १९८० च्या दशकात या विषयात काम सुरू केले. प्रा. व्ही. एस. राजू आणि प्रा. एम. रवींद्रन यांच्यासारखे अभियंते त्यात होते. तिरुवनंतपुरमजवळील विझिंजमच्या मासेमारी बंदराच्या लाटारोधक बांधालगत सुमारे तीन हजार टनांची काँक्रीटची पेटी डिसेंबर १९९० मध्ये तळावर टेकवण्यात आली आणि १९९१ च्या ऑक्टोबरात दोन मीटर व्यासाच्या वेल्स टर्बाइनवर वीजनिर्मिती सुरू झाली. जनित्राची क्षमता १५० किलोवॉट. वृत्तपत्रांत हाच आकडा झळकला.

प्रत्यक्षात काय घडले? मोठ्या लाटांच्या काळात वीज मिळाली. पण जनित्र वीजजाळ्याला थेट जोडलेले, जवळपास ठरावीक वेगाने फिरणारे होते. लाट मंदावली की ते जाळ्याला वीज देण्याऐवजी जाळ्यातून वीज ओढून चाक फिरते ठेवू लागे. वीज देण्यासाठी उभारलेले यंत्र काही क्षण ग्राहक होई! मुळात अभियंत्यांचा अंदाजही वर्षभर दीडशे किलोवॉटचा नव्हता. एप्रिल ते नोव्हेंबर या काळात सरासरी ७५ आणि डिसेंबर ते मार्च या काळात २५ किलोवॉट, असे त्यांनी धरले होते. म्हणजे जाहीर झालेला आकडा आणि अभियंत्यांच्या वहीतील आकडा प्रारंभापासूनच वेगळे होते. त्यांची सरासरी समजून घेण्याची तसदी बाहेरच्या जगाने घेतली नाही.

पुढे हे काम १९९३ मध्ये चेन्नईत स्थापन झालेल्या राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेकडे गेले. निमुळत्या पात्यांची, आडव्या आसाची जोड-चाके बसवून पाहिली गेली. जपानच्या सागा विद्यापीठातील संशोधकांच्या सहकार्याने आवेग टर्बाइन हा दुसरा प्रकार येथे तपासला गेला. त्यात चाकाच्या दोन्ही बाजूंना स्थिर मार्गदर्शक पाती असतात. त्याची सर्वोच्च कार्यक्षमता वेल्सच्या चाकापेक्षा कमी भरते, परंतु झोत वाढला तरी ती एकाएकी कोसळत नाही. क्षणिक विक्रमापेक्षा बारमाही सरासरी मोलाची, हे ओळखून केलेली ती निवड होती. प्रत्येक दिशेसाठी एक अशी दोन एकमार्गी चाके जोडीने वापरण्याची कल्पनाही याच अनुभवातून भारतीय व जपानी संशोधकांनी मांडली. काही काळ तेथील विजेवर समुद्राच्या पाण्याचे गोडे पाणी करण्याचाही प्रयोग झाला. अखेर २०११ मध्ये हे केंद्र बंद करण्यात आले. आज विझिंजमचे नाव निघते ते तेथे उभ्या राहिलेल्या महाबंदरामुळे. लाटांच्या विजेचा हा वीस वर्षांचा खटाटोप फारसा कोणाच्या स्मरणात नाही.

त्याला अपयश म्हणून बाजूला सारणे अन्यायाचे ठरेल. स्कॉटलंडच्या आयला बेटावर २००० साली सुरू झालेले ५०० किलोवॉटचे केंद्र पुढील दशकाच्या आरंभीच थंडावले, अझोर्स बेटांवरील पिको येथील ४०० किलोवॉटचे केंद्र २०१८ मध्ये लाटांनीच मोडले. स्पेनच्या बास्क किनाऱ्यावर मुत्रिकू येथे २०११ पासून लाटारोधक बांधातच बसवलेली १६ लहान टर्बाइने ही त्या मानाने अधिक टिकाऊ ठरलेली योजना. तिची एकूण क्षमता ३०० किलोवॉटही नाही! विझिंजमच्या अभियंत्यांना ज्या अडचणी आल्या त्या त्यांच्या अज्ञानातून नव्हे, विषयाच्या स्वरूपातूनच आलेल्या होत्या. दोष द्यायचा तर तो वेगळ्या गोष्टीला द्यावा लागेल. लाटांपासून देशाला सुमारे ४० हजार मेगावॉट मिळू शकतील, हा सैद्धान्तिक अंदाज सरकारी कागदांत वारंवार छापला जातो. एका केंद्राने वीस वर्षांत प्रत्यक्ष किती युनिट दिले, किती घेतले, किती दिवस ते बंद होते, हा हिशेब मात्र सामान्य वाचकापर्यंत कधीच पोहोचला नाही. मद्रासच्या त्याच संस्थेने नोव्हेंबर २०२२ मध्ये तुतिकोरिनजवळच्या समुद्रात ‘सिंधुजा-१’ हे यंत्र चाचणीसाठी उतरवले, तेव्हा त्याची क्षमता अवघी १०० वॉट असल्याचे मोकळेपणाने सांगितले गेले. चाळीस हजार मेगावॉटच्या घोषणेपेक्षा हे शंभर वॉट अधिक विश्वासार्ह वाटतात.

कोकणच्या किनाऱ्यालाही हा विचार लागू आहे. रत्नागिरी-मालवणच्या समुद्रात वर्षभरातील लाटांची बहुतेक शक्ती जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत एकवटलेली असते. उरलेले आठ महिने समुद्र पुष्कळसा शांत असतो. चार महिने वादळाला तोंड देऊ शकेल इतके भक्कम आणि आठ महिने मंद झुळकीवरही फिरेल इतके हलके, असे यंत्र अद्याप कोणी बनवलेले नाही.

नगर जिल्ह्याच्या पठाराची कथाही ऋतूंच्या बाबतीत निराळी नाही. येथील वाऱ्याचा भर जून ते ऑगस्टमध्ये असतो. शेतीपंपांना विजेची ओढ लागते ती रब्बीत आणि उन्हाळ्यात, जेव्हा पाती बहुधा सुस्त असतात. जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला घाटघर येथे २५० मेगावॉटचा उदंचन प्रकल्प २००८ पासून चालू आहे. जादा वीज असेल तेव्हा खालच्या जलाशयातील पाणी सुमारे चारशे मीटर वर चढवायचे आणि मागणीच्या वेळी ते सोडून वीज घ्यायची, अशी त्याची रीत. तेथील चाक एका दिशेने फिरताना वीज देते व उलट फिरताना पंप होते. वेल्सच्या चाकाच्या अगदी विरुद्ध स्वभावाचे हे यंत्र त्याच जिल्ह्यात असावे, ही शिक्षकांना हाताशी मिळालेली सोय आहे. तथापि अशा जलाशयात काही तासांची वीज साठते, श्रावणातली वीज माघापर्यंत नव्हे. त्यामुळे पवनचक्क्यांनी जिल्ह्याच्या शेतीची तहान भागेल, असे जे भाषणांतून सांगितले जाते, त्यात तथ्य थोडे आहे.

पवनचक्क्यांना मिळालेल्या उत्तेजनाचा इतिहासही येथे पाहण्याजोगा आहे. यंत्राच्या किमतीवर पहिल्याच वर्षी एके काळी शंभर टक्के, नंतर ऐंशी टक्के घसारा दाखवून करात सूट घेता येत असे. २०१७ पासून हे प्रमाण चाळीस टक्के झाले. या सवलतीत यंत्र उभे राहिले हे महत्त्वाचे होते. ते किती फिरले, हे कोणी विचारत नव्हते. नफ्यातील कारखानदाराला मार्चअखेर पवनचक्की हवीशी का वाटे, याचे उत्तर वाऱ्यात नसून प्राप्तिकराच्या विवरणपत्रात होते. केंद्राने २००९ च्या अखेरीस प्रत्यक्ष दिलेल्या प्रत्येक युनिटमागे ५० पैसे देण्याची योजना आणली, तेव्हा प्रथमच कामगिरीला बक्षीस मिळाले. मार्च २०१७ नंतर उभारलेल्या यंत्रांना ती लागू राहिली नाही. बांधणीपेक्षा उत्पादनाला पैसे देण्याचे तत्त्व योग्य होते, आणि ते इतक्या लवकर सोडून दिले जायला नको होते.

हिशेब लोकांसमोर नसला की त्याची जागा समज घेतात. पवनचक्क्या ढग पळवतात, त्यांच्यामुळे पाऊस हटला, असा समज दुष्काळी वर्षांत महाराष्ट्रात अनेक ठिकाणी पसरला. पावसाचे ढग या पात्यांच्या कितीतरी वर असतात, आणि पारनेर-कर्जतचा दुष्काळ दुर्गादेवीच्या दुष्काळाइतका नसला तरी पवनचक्क्यांपेक्षा निश्चितच जुना आहे. १९७२ साली या पठारावर एकही पाते फिरत नव्हते. पण हे समजावून सांगणारा आकडा गावात नव्हता. डोंगरावर कुंपण, रखवालदार आणि रात्री लुकलुकणारे तांबडे दिवे एवढेच गावकऱ्याला दिसत होते. त्याच्या डोक्यावरून जाणारी वीज किती, कोठे व काय भावाने जाते हे त्याला ठाऊक नसेल, तर त्याने ढगांवर संशय घेतला यात त्याचा एकट्याचा दोष नाही.

वस्तुतः हिशेब ठेवण्याची परंपरा याच जिल्ह्यात आहे. नगर तालुक्यातील हिवरे बाजार गावात दर वर्षी पडलेला पाऊस आणि उपलब्ध पाणी मोजून ग्रामसभेसमोर पाण्याचा ताळेबंद मांडला जातो, आणि त्यावरून त्या वर्षी कोणती पिके घ्यायची हे ठरते. ऊस नाही, शेतीसाठी विंधनविहीर नाही, हे निर्बंध गावाने स्वतःवर घालून घेतले, कारण आकडे सर्वांच्या डोळ्यांसमोर होते. पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाचे मोल यात आहेच. पण पर्जन्यमापकाचेही मोल आहे.

वाऱ्याचा असा ताळेबंद मांडणे पाण्यापेक्षा सोपे आहे. देयकासाठी वीजमीटरची नोंद दरमहा होतच असते. प्रत्येक यंत्राने वर्षभरात दिलेले युनिट, ते बंद राहिलेले तास आणि त्या जागेवरील वाऱ्याचा सरासरी वेग, हे तीन आकडे संबंधित ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावयास काय खर्च येणार? लोणी, संगमनेर, कोपरगाव येथे अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत. त्यांच्या विद्यार्थ्यांना वर्षानुवर्षे परदेशी पाठ्यपुस्तकांतील उदाहरणे सोडवावी लागतात. कावड्या डोंगरावरील एका यंत्राची पंचवीस वर्षांची नोंद हाती आली, तर पात्यांची झीज, धुळीचा परिणाम, वाऱ्यातील चढउतार यांवर त्यांना दहा प्रबंध लिहिता येतील.

हा प्रश्न आता लांबणीवर टाकण्याजोगा राहिलेला नाही. या शतकाच्या आरंभी उभारलेली यंत्रे वयाच्या अखेरीस येत आहेत. केंद्राने डिसेंबर २०२३ मध्ये जुन्या पवनचक्क्यांचे नूतनीकरण व आयुर्वृद्धी यांसाठी सुधारित धोरण जाहीर केले असून, दोन मेगावॉटपेक्षा कमी क्षमतेची यंत्रे त्याच्या कक्षेत येतात. जुनी चार-पाच यंत्रे काढून त्यांच्या जागी दुप्पट उंच मनोऱ्यावर एकच मोठे यंत्र बसवण्याचे प्रस्ताव यापुढे डोंगरावरच्या गावांपुढे येतील. नवे रस्ते खोदले जातील, नवे पाये घातले जातील, काचतंतूची जुनी पाती कोठे टाकायची हा प्रश्न निघेल, जमिनीचे करार पुन्हा लिहिले जातील. पुन्हा एकदा मेगावॉटचा मोठा आकडा सांगितला जाईल. त्या बैठकीत ग्रामसेवकाच्या किंवा गावच्या शिक्षकाच्या हाती जुन्या यंत्रांचे युनिटवार उतारे असावेत, आणि नव्या करारात भाड्याच्या रकमेशेजारी दर वर्षी निर्माण होणाऱ्या युनिटांवरील गावाचा हिस्सा पैशांत लिहिलेला असावा, अशी मागणी ग्रामसभांनी करार होण्यापूर्वीच ठराव करून जिल्हा परिषदेकडे पाठवली पाहिजे.